गाठ काढली, मग हे कडक काय लागतंय?

स्तनातली फायब्रोअडेनोमाची साधी गाठ काढून घरी गेलेल्या मावसबहिणीचा काल घाबरून फोन आला, "ताई, टाक्यांखाली परत काहीतरी कडक लागतंय गं!"

सर्जिकल वॉर्डात नर्स असल्याने हा प्रश्न मी नेहमी ऐकते. जखम भरताना खाली असा कडक पट्टा बऱ्याचदा लागतो. हळूहळू तो मऊ होतो.

काळंनिळं पडणं, थोडी सूज, मधूनच सुई टोचल्यासारखी कळ, कातडी बधिर वाटणं, हेही होतं.

तार नसलेली, नीट आधार देणारी ब्रा सुरुवातीला रात्रीही घाला. भरलेली बादली उचलू नका. हात मात्र हलता ठेवा.

ताप, पू, पसरणारी लाली किंवा झपाट्याने वाढणारी सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आठवणीने घ्या, डॉक्टरांना दाखवा.

काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.