आतड्यातले जंतू, कॅन्सर आणि ‘मोडच असतील हो’

साताऱ्याहून सांगलीला एसटीने जाताना कराड, पेठ नाका, आष्टा असं करत खिडकीतून एक गोष्ट सारखी दिसत राहते. भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती: मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय बरे. मागच्या दिवाळीत याच रस्त्याने मी आजोळी गेले, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, “तू म्हणं पोटातल्या जंतूंवर पीएच.डी. करतीस. मग सांग, जंतूंमुळं कॅन्सर हुतो का?”

प्रश्न उगाच नव्हता. काकांना आठ महिने शौचातून रक्त जात होतं. ‘मोडच असतील हो’ म्हणून ते पुड्या खात राहिले. शेवटी दुर्बीण घालून तपासल्यावर गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, कॅन्सरची गाठ निघाली. मी तेव्हा “हो पण आणि नाही पण” असं काहीतरी गुळमुळीत बोलले. नीट उत्तर आता लिहिते.

आधी थोडी ओळख. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. हे काही भाडं न देणारे भाडेकरू नाहीत. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, कोरेगावचा वाघ्या घेवडा यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. म्हणजे तुमच्या भाकरीचा एक वाटा जिवाणूंना जातो आणि ते तो तुमच्या आतड्याला परत करतात.

मग कॅन्सर कुठून आला? दोन जिवाणूंवर सध्या सगळ्यात जास्त संशय आहे.

पहिला फ्यूसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या आजारात वाढणारा. २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की मोठ्या आतड्याच्या गाठीत तो आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याच्या अंगावर आकड्यासारखी प्रथिनं असतात. एक आकडा आतड्याच्या पेशीला धरतो आणि तिला वाढायचा इशारा देतो. दुसरा गाठीच्या पेशींवरची एक विशिष्ट साखर ओळखून तिथे चिकटतो, शिवाय आपल्या संरक्षक पेशींना थंड पाडतो. २०१७ मध्ये तर असं दिसलं, की कॅन्सर यकृतात पसरतो तेव्हा हा जिवाणूही गाठीबरोबर तिथे पोचलेला असतो. आपल्याकडेही खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातल्या गटाने २०२२ मध्ये जिभेच्या कॅन्सरच्या भारतीय रुग्णांमध्ये याच जिवाणूचा संबंध दाखवला. तंबाखू, मशेरीने हिरड्या खराब करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा म्हणजे आपला नेहमीचा ई. कोलाय, पण त्यातले काही ठरावीक वाण. ते कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते थेट आपल्या डीएनएवर घाव घालतं. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या ‘आतड्यांना’ पाच महिने या जिवाणूच्या संपर्कात ठेवलं. डीएनएवर विशिष्ट प्रकारचे व्रण उमटले, आणि तेच व्रण पुढे खऱ्या रुग्णांच्या गाठींमध्येही सापडले. हे बोटांचे ठसे मिळाल्यासारखं आहे. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठी तपासल्यावर कळलं, की हे ठसे सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये ३.३ पट जास्त आढळतात. हे घाव बहुधा लहानपणीच बसले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग जंतूंमुळेच कॅन्सर होतो, असं म्हणायचं का? थांबा. रान पडीक पडलं की तण माजतं. आता तणामुळे रान पडीक झालं, की पडीक होतं म्हणून तण आलं? फ्यूसोबॅक्टेरियमबाबत नेमकी हीच अडचण आहे. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो आणि या जिवाणूला तेच मानवतं. त्यामुळे तो नंतर येऊन आग वाढवतो, हे बऱ्यापैकी पटण्यासारखं आहे. पण पहिली काडी त्यानेच ओढली, हे माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही. कोलिबॅक्टिनचे ठसे घटनेच्या जास्त जवळचे आहेत. पण हे वाण कितीतरी निरोगी माणसांच्या पोटातही असतात आणि त्यांना काही होत नाही. तासगावचा द्राक्षबागायतदार हे लगेच ओळखेल. डाऊनीचे बीजाणू बागेत असतातच, पण हवा दमट झाल्याशिवाय रोग पडत नाही. वय, अनुवंश, तंबाखू, दारू, वजन, आहार ही आतड्यातली ‘हवा’.

म्हणून काकांना माझं उत्तर असं: जंतू साथीदार आहेत, एकटे गुन्हेगार नाहीत. आणि हा कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. काकूंनी काकांचं ताट वेगळं काढायची काहीही गरज नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो, मग गोळी घेऊन जंतू मारून टाकू का? उंदरांमध्ये मेट्रोनिडाझोलने गाठींची वाढ मंदावली, हे खरं. पण ती गोळी ब्युटिरेट बनवणाऱ्यांनाही मारते. मनाने घेऊ नका. महागड्या प्रोबायोटिक पावडरीने कॅन्सर टळतो असाही पुरावा नाही. आणि सांगलीची हळद? भाजीत जरूर घाला, पण तिच्यातलं कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं. ती उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

माझ्या अभ्यासापेक्षा महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. टाटा मेमोरियलने २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सरासरी वय होतं ४७. निम्म्याहून जास्त रुग्णांना शौचातून रक्त जात होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सरासरी चार महिने गेले होते. एका मोठ्या हॉस्पिटलचे आकडे म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. पण ‘हा म्हाताऱ्यांचा आजार’ हा समज मोडायला ते पुरेसे आहेत.

तेव्हा शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. बहुतेकांना मोडच निघतील. पण ते तपासून ठरू दे, भिंतीवरची जाहिरात वाचून नको. आणि घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. वेळेत सापडलेला कोंब तपासणी करता करताच काढता येतो, त्याचा कॅन्सर होईपर्यंत थांबावं लागत नाही.

काकांचा थोरला मुलगा अडतीस वर्षांचा आहे. त्याला मी हेच सांगितलंय.