कोलफॅक्सची पाटी

१८७३ साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली होती. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावच्या कोर्टाची इमारत पेटवून देण्यात आली. आत कृष्णवर्णीय माणसं होती.

आदल्या वर्षीच्या निवडणुकीत कोण जिंकलं याचा वाद मिटला नव्हता. गोऱ्यांचं बंडखोर राजकारण पुन्हा सत्तेवर येऊ नये म्हणून कालपर्यंत गुलाम असलेली माणसं कोर्टाभोवती खंदक खणून पहारा देत होती. गोऱ्यांची टोळी तोफ घेऊन आली. शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या, कैद केलेल्यांना रात्री मारण्यात आलं. मृतांचा नेमका आकडा कधीच ठरला नाही. अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातात. गोरे तीन मेले.

कागदावर तोवर सगळं मिळालेलं होतं. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व दिलं, १८७० च्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. कोलफॅक्सच्या खटल्यात मात्र शेवटी तिघेच दोषी ठरले आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की १८६८ ची दुरुस्ती राज्य सरकारांचे हात बांधते, खासगी माणसांचे नाही. राज्य शिक्षा करणार नाही आणि केंद्राला करता येणार नाही, अशी ही कोंडी होती. खुनी टोळ्यांना यापेक्षा मोठं अभय कुणी दिलं नसतं. पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्यही मागे घेण्यात आलं.

मग बंदुकीचं काम लेखणीने केलं. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका नागरिक समितीने ठरवून होमर प्लेसी या चांभाराला गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसवलं. गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यांत बसवणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायचं होतं. १८९६ मध्ये निकाल उलटा लागला : सोयी समान असल्या, तर वेगळं ठेवायला हरकत नाही. त्या समान सोयी कुणी कधी पाहिल्या नाहीत. दोन वर्षांनी लुइझियानाने नवी राज्यघटना केली. मतदाराला लिहिता-वाचता यावं किंवा त्याच्याकडे मालमत्ता असावी. पण १८६७ पूर्वी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं, त्याला ही अट नाही. गुलामाच्या आजोबाला मत कुठून असणार? १८९६ मध्ये राज्याच्या मतदारयादीत एक लाख तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

याच राज्याची राजधानी बॅटन रूज. मॉन्टगोमेरीचा बसबहिष्कार जगाला माहीत आहे. तो १९५५ चा. बॅटन रूजच्या लोकांनी जून १९५३ मध्येच बस सोडली होती. बसचे बहुतेक उतारू कृष्णवर्णीय असत, तरी पुढची बाकं रिकामी असताना त्यांना उभं राहावं लागे. रेव्हरंड टी. जे. जेमिसन यांच्या पुढाकाराने लोकांनी आपापल्या मोटारी काढल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट कामावर पोहोचवलं. आठवडाभरात तडजोड झाली. तरीही पुढची दोन आसनं गोऱ्यांसाठी राखीवच राहिली, म्हणून पुष्कळजण नाराज होते, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पण मोटारींची ती व्यवस्था वाया गेली नाही : मॉन्टगोमेरीत बहिष्कार सुरू झाला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी जेमिसन यांच्याकडून ती समजून घेतली.

मतदारयादी पुन्हा उघडायला ऑगस्ट १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. नावनोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी दक्षिणेत उतरले. १८७० च्या दुरुस्तीला तेव्हा ९५ वर्षं झाली होती.

कोलफॅक्समध्ये मात्र १९५० च्या सुमारास सरकारने एक पाटी उभारली होती. तीत या हत्याकांडाला दंगल म्हटलं होतं आणि त्याने दक्षिणेतला गैरकारभार संपला असं समाधानही नोंदवलं होतं. ती २०२१ साली काढण्यात आली. हल्लेखोरांपैकी एकाचा गोरा वंशज आणि मारल्या गेलेल्या एकाचा कृष्णवर्णीय वंशज यांनी मिळून नव्या स्मारकाचा पाठपुरावा केला. १३ एप्रिल २०२३ रोजी, दीडशे वर्षांनी, ते उभं राहिलं. त्यावर मृतांपैकी ज्यांची नावं सापडली, त्यांची नावं कोरली आहेत.