स्वप्न, अबोध मन आणि वैद्य

रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना क्षुधा, तृष्णा, मल, मूत्र यांच्या पाठोपाठ आपण निद्रेविषयी विचारतो. ‘झोप लागते, पण स्वप्ने फार पडतात’ असे उत्तर आले की केसपेपरवर ‘निद्रा – स्वप्नयुक्त’ एवढी नोंद होते आणि आपण पुढील प्रश्नाकडे वळतो. कोणती स्वप्ने, केव्हापासून, हे सहसा विचारले जात नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारले नाही. स्वप्नासंबंधी आपल्या संहितांची भूमिका, अर्वाचीन मानसशास्त्राची अबोध मनाची कल्पना आणि या दोहोंचा वैद्याच्या व्यवहारात व त्याच्या स्वतःच्या आंतरिक वाढीत होणारा उपयोग, यांचा विचार प्रस्तुत लेखात थोडक्यात करावयाचा आहे.

स्वप्न कसे घडते?

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे त्रयोपस्तंभ सांगताना चरकाचार्यांनी निद्रेसाठी ‘स्वप्न’ हाच शब्द योजला आहे. संस्कृतात या एका शब्दाने झोप आणि झोपेतील दर्शन असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. मन व इंद्रिये श्रांत होऊन विषयांपासून निवृत्त झाली की मनुष्य झोपी जातो, असे सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात म्हटले आहे. इंद्रियस्थानाच्या ५ व्या अध्यायात याच्या पुढची पायरी आहे. पुरुष अतिगाढ झोपलेला नसताना, इंद्रियांचा स्वामी असलेल्या मनाच्या द्वारे तो नाना प्रकारची स्वप्ने पाहतो. म्हणजे इंद्रियांचा व्यापार थांबलेला असतो, मनाचा मात्र थांबलेला नसतो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात या व्यापारास पूर्वानुभवाची व रजोगुणयुक्त मनाची जोड दिली आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था प्रसिद्ध केली. या अवस्थेत जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनाने ती रात्रभर येत राहते आणि पहाटेकडे तिचा कालावधी वाढत जातो.

सात प्रकार

चरकांनी स्वप्नांचे सात प्रकार केले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकी पहिली पाच वैद्याने अफल समजावीत, असा निर्देश आहे. या ‘अफल’ शब्दापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. अफल म्हणजे भावी शुभाशुभ न सुचविणारे. निरर्थक असा त्याचा अर्थ आम्हांस दिसत नाही. जे पाहिले, ऐकले, अनुभवले, इच्छिले व कल्पिले, तेच रात्री पुन्हा समोर येत असेल, तर रुग्णाच्या मनात काय साठले आहे हे कळण्याचा याहून सरळ मार्ग कोणता?

प्रार्थित स्वप्नाचा धागा फ्रॉइड यांच्या विचाराशी जुळतो. त्यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला; त्यावर वर्ष मात्र १९०० असे छापले होते. जागेपणी दडपलेली इच्छा झोपेत वेषांतर करून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. युंग यांनी वेगळी दिशा घेतली. जाणिवेच्या एकांगीपणाची भरपाई नेणीव स्वप्नातून करते, म्हणून स्वप्न हे माणसाच्या वाढीस साहाय्यक असते, असे ते मानीत.

युंग यांचा स्वतःचा अनुभव येथे उद्बोधक आहे. भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ते १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. कलकत्त्यात प्रवाहिकेने आजारी पडून त्यांना दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. तेथून बाहेर पडल्यावर त्यांना स्वप्न पडले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या एका बेटावर ते सोबत्यांसह आहेत. ख्रिस्ती परंपरेतील पवित्र चषक आणावयाचा आहे. तो पलीकडे, पाण्याच्या पात्रापल्याड आहे. सोबती झोपी गेलेले आहेत, आणि आपल्यालाच पोहून जावे लागणार हे ओळखून ते वस्त्रे उतरवू लागतात. भारतविद्येने भारावलेल्या अवस्थेत पडलेल्या या स्वप्नाचा अर्थ त्यांनी असा लावला की, आपले औषध आपल्याच परंपरेत शोधण्याची ही आठवण आहे. जाणीव ज्या बाजूस कलली होती, तिच्या विरुद्ध बाजूस स्वप्नाने बोट दाखविले.

दोषज स्वप्ने तर आपल्या नित्य परिचयाची असावयास हवीत. वातप्रकृतीचा मनुष्य आकाशात संचार करतो. पित्तप्रकृतीस अग्नी, विद्युत्, उल्का, सुवर्ण, पळसाची फुले दिसतात. कफप्रकृतीस कमळे व हंस असलेले जलाशय दिसतात. प्रकृतिनिश्चितीत एवढ्यावर विसंबू नये. परंतु इतर लक्षणांना पुष्टी म्हणून हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अरिष्ट आणि आमची चूक

मनोवह स्रोतसे अतिबलवान दोषांनी भरली असता दारुण स्वप्ने दिसतात, असे सांगून चरकांनी अनेक अरिष्टसूचक स्वप्ने दिली आहेत. राजयक्ष्म्याच्या रुग्णाने कुत्रे, उंट वा गाढवे यांसह दक्षिणेकडे जाणे हे त्यांपैकी एक.

२००४ साली क्षयाचे निदान झालेले एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे भूक वाढविण्यासाठी औषध मागण्यास आले. क्षयाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून चालू होत्या. बोलता बोलता ते म्हणाले की, आपण गाढवावर बसून दक्षिणेकडे चाललो आहोत असे स्वप्न दोनदा पडले. आम्ही लिहीत होतो. संहितेतील वचन आठवले आणि आमचा हात थांबला. आम्ही काहीच बोललो नाही. दीपन-पाचन औषधे देऊन त्यांना वाटेस लावले.

अडीच महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा ते अधिकच क्षीण झाले होते. क्षयाच्या गोळ्या त्यांनी आमच्या भेटीनंतर आठवड्याभरातच सोडल्या होत्या. कारण विचारता म्हणाले, ‘वैद्यबुवा, तुमचा हात थांबला, तवाच म्या वळखलं. मग गोळ्या कशाला?’

त्या दिवशी आम्ही प्रथमच ते स्वप्न नीट विचारले. मुलीच्या लग्नासाठी गावाच्या दक्षिणेचे शेत विकावयाचे ठरत होते. घेणारा वीटभट्टीवाला होता. भट्टीची गाढवे त्या शेताच्या बांधावरून रोज ये-जा करीत. ही गोष्ट त्यांनी घरात कोणापाशीही बोलून दाखविली नव्हती. ते स्वप्न अनुभूत होते, चिंतेचे होते. त्याला अरिष्टाचे रूप आमच्या मौनाने दिले. त्या काळच्या पद्धतीनुसार त्यांना इंजेक्शनांसह आठ महिन्यांचा उपचार नव्याने घ्यावा लागला. ते बरे झाले. पण ते जादा आठ महिने आमच्या खात्यावर आहेत.

वस्तुतः याच इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात आदेश आहे की, मरणसूचक लक्षणे दिसली तरी वैद्याने न विचारता ती सांगू नयेत, आणि विचारले असताही, जेथे रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे सांगू नयेत. आम्ही तोंडाने पाळलेला हा नियम मुद्रेने मोडला.

स्वप्नाची चौकशी कशी करावी?

अनुभवावरून सुचलेल्या काही गोष्टी नमूद करतो. रुग्ण स्वप्न सांगत असता लिहिणे थांबवावे, पण ते त्याने सुरुवात करण्यापूर्वी. अर्थ आपण सांगू नये; ‘यावरून तुम्हांला काय आठवते?’ एवढेच विचारावे. चालू औषधांची यादी पाहावी. प्रोप्रानोलॉलसारख्या औषधांनी, तसेच मद्य एकाएकी सोडल्याने भयंकर स्वप्ने पडू शकतात. उतारवयातील रुग्ण झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, स्वप्नातील कृती प्रत्यक्ष करतो, असे घरच्यांनी सांगितल्यास दुर्लक्ष करू नये. १९८६ साली वर्णिलेला हा निद्राविकार कित्येकांत पुढे अनेक वर्षांनी होणाऱ्या कंपवाताचे पूर्वरूप ठरतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. चरकांच्या त्या अध्यायाचे नावच ‘पूर्वरूपीय’ आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चिकित्सेत अभ्यंग, दूध, मनास सुखकर असे वातावरण हे निद्राजनक उपाय आहेतच. त्यांच्या जोडीस सत्त्वावजय हवा. मानस दोषांवर सांगितलेल्या ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी या पंचकातील स्मृतीचे काम स्वप्नाच्या कथनातून बऱ्याच अंशी साधते.

वैद्याचे स्वतःचे स्वप्न

उपरोक्त घटनेनंतर काही महिने आम्हांस एकच स्वप्न वारंवार पडे. समोर रुग्ण बसलेला आहे, त्याच्या नाडीवर आमची बोटे आहेत, नाडी स्पष्ट लागते आहे, परंतु रुग्णाचा चेहरा दिसत नाही. त्याचा शुभाशुभ निर्णय ग्रंथात शोधण्याचा मोह झाला; पण उत्तर तेथे नव्हते. दिवसा आम्ही वचने पाहत होतो, माणसे पाहत नव्हतो, एवढेच ते स्वप्न सांगत होते. पतंजलींनी स्वप्न व निद्रा यांतील ज्ञानाचे आलंबन हा चित्तस्थैर्याचा एक उपाय म्हणून सांगितला आहे. आम्ही उशाशी वही ठेवू लागलो आणि सकाळी चार ओळी लिहू लागलो. त्याहूनही उपयोगी ठरली ती दुसरी सवय, रुग्ण बोलू लागला की लेखणी खाली ठेवून त्याच्याकडे पाहण्याची. ते स्वप्न केव्हा बंद झाले, हे आमच्या ध्यानातही आले नाही. वहीतील नोंदींवरून ते नंतर कळले.

वैद्यबंधूभगिनींस विनंती एवढीच की, यापुढे ‘स्वप्नयुक्त’ असे लिहिण्यापूर्वी रुग्णास आणखी एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकताना आपली मुद्रा सांभाळावी.