रक्ताच्या रिपोर्टातील फॉस्फेटेज : दोष लिव्हरचा की हाडांचा?

यंत्रमाग, जरीकाम, शिलाई, बेकरी असे आमच्या बांधवांचे कितीतरी धंदे छपराखाली चालतात. सकाळी आत गेलेला कारागीर दिवस मावळल्यावरच बाहेर पडतो. कंबर, मांड्या, बरगड्या दुखू लागल्या की मेडिकलमधून गोळी आणायची आणि काम पुढे चालू. कधीतरी रक्त तपासले जाते आणि ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’चा आकडा वाढलेला निघतो. तो लिव्हरच्या तपासण्यांत छापलेला असल्याने लिव्हरच बिघडले असा समज होतो आणि टॉनिकच्या बाटल्या घरात येतात. पैसा जातो, दुखणे तसेच राहते.

फॉस्फेटेज हे एन्झाइम आहे; निरनिराळ्या पदार्थांना चिकटलेला फॉस्फेट सोडवणे हे त्याचे काम. अल्कलाइन जातीचे फॉस्फेटेज लिव्हरमध्ये असते, तसेच हाडे बांधणाऱ्या पेशींतही असते. हाडांशी असलेला त्याचा संबंध रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ सालीच मांडला होता. खड्याने पित्ताची वाट अडली तर ते रक्तात वाढते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून हाडे मऊ झाली तरीही वाढते. हे जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे कातडीत तयार होते, आणि आमच्या कारागिराला नेमके ऊनच मिळत नाही.

मग ओळखायचे कसे? डॉक्टर सहसा जोडीला जी.जी.टी. तपासायला सांगतात. दोन्ही वाढलेले असतील तर संशय लिव्हरवर. जी.जी.टी. ठीक असेल तर बहुधा हाडांवर. मग कॅल्शियम, फॉस्फरस आणि ‘ड’ जीवनसत्त्व पाहावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र हा आकडा मुळातच जास्त असतो, त्याने घाबरू नये.

लॅब चालवणाऱ्या बंधूंसाठी एक गोष्ट. या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागते. हिमोग्लोबिनसाठी घेतलेल्या जांभळ्या बुचाच्या नळीतील ई.डी.टी.ए. हे धातू ओढून घेते आणि आकडा खोटाच कमी येतो. एका नळीत दोन कामे उरकण्याची काटकसर येथे गिऱ्हाइकाला महागात पडते.

दुसरे ॲसिड फॉस्फेटेज. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी १९३८ पासून ते नावाजले गेले. आता त्याची जागा पी.एस.ए.ने घेतली आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी इंजेक्शने मनाने घेऊ नयेत. ते प्रमाणाबाहेर गेले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.