चलच्चित्रणातील अदृश्य हात

स्थिर चित्रे वेगाने एकामागून एक दाखविली असता दृष्टीस गतीचा भास होतो. दादासाहेब फाळके यांनी या तत्त्वाचा उपयोग दोन प्रकारांनी केला. 'अंकुराची वाढ' (१९१२) या लघुपटात कॅमेरा एका जागी ठेवून वाटाण्याच्या रोपाची चित्रे कालांतराने टिपली. दोन चित्रांमधील बदल निसर्ग घडवीत होता. 'आगकाड्यांची मौज' (१९१५) मध्ये तो माणसाने घडविला: काडी किंचित सरकवावयाची, हात बाजूस घ्यावयाचा आणि एक चित्र टिपावयाचे. सेकंदास १६ चित्रे धरल्यास एका मिनिटासाठी ही कृती ९६० वेळा करावी लागते. हलविणारा हात पडद्यावर दिसता कामा नये, ही या तंत्राची कसोटी होय.

असा अदृश्य हात निर्मितीच्या व्यवस्थेतही असतो. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन व निर्मिती फाळके यांची. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होता. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक ही कामे मात्र सरस्वतीबाई फाळके करीत. पुढे यांतील तांत्रिक कामांना स्वतंत्र पदनामे लाभली. त्या काळी ती घरकामातच जमा झाली. म्हणून निर्मितिव्यवस्थेचा अभ्यास केवळ श्रेयनामावलीपाशी थांबल्यास तो अपुराच राहील.