पंधरा आकड्यांची ओळख

मोबाईल हा मोठा मानी प्राणी आहे. त्याचा पंधरा आकडी क्रमांक, म्हणजे ज्याला आयएमईआय म्हणतात तो, पुसला गेला की पडदा उजळतो, गाणी वाजतात, फोटोही निघतात. पण मनोऱ्याशी बोलणे बंद! मनोरा आधी विचारतो, "आपण कोण?" आणि त्याला उत्तर नसते. असा क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा आपल्या देशात २००९ च्या अखेरीपासून बंद केली गेली.

आमच्या वाशीमला शेजारच्या वहिनींचा फोन असाच मुका झाला. मुलाने कोणाच्या तरी सांगण्यावरून फोनातली मूळ प्रणाली काढून दुसरी घातली, आणि त्या गडबडीत क्रमांक साठविलेला स्मृतीचा कप्पाच कोरा झाला. *#०६# दाबले तर आकड्यांच्या जागी नुसती शून्ये. (आमच्या गावाचे वत्सगुल्म हे जुने नाव वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या येथे सापडलेल्या ताम्रपटावर आहे. तांब्यावर कोरले ते बरे. त्याला कोणी 'अपडेट' करावयास गेले नाही.)

वहिनींचे कुटुंबनिवृत्तिवेतन बँकेत जमा होते आणि बँकेचा गुप्त आकडा या फोनवर येतो. "भाऊजी, आता पैसे कसे काढायचे?" त्या रडकुंडीला आल्या. मी सिमकार्ड काढून घरातल्या जुन्या फोनात घातले. आकडा आला! आपला दहा आकडी नंबर सिमचा असतो आणि पंधरा आकडी फोनचा, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पण फोनाचे काय? बाजारातला एक दुकानदार म्हणाला, "काकाजी, दहा मिन्टाचं काम हाये. मेलेल्या फोनचा नंबर टाकून देतो."

वाचकहो, येथेच सावध व्हावयाचे! २०१७ च्या नियमांनी हा क्रमांक पुसणे किंवा बदलणे हे उत्पादकाखेरीज कोणासही बेकायदा ठरविले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या ४२ व्या कलमात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय तो 'मेलेला' फोन चोरीचा निघाला तर? २०२० साली मेरठ पोलिसांना एकाच क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे आढळले होते. अशा गर्दीतून खरा चोर शोधावयाचा कसा, आणि वहिनींच्या दाराशी पोलीस आले तर त्यांनी सांगावयाचे काय?

मनाला येईल ते आकडेही चालत नाहीत. पहिले आठ आकडे फोनाची जात सांगतात, पुढचे सहा त्याचा अनुक्रम, आणि पंधरावा हा आधीच्या चौदांवर गणित करून काढलेला असतो. ती रीत हान्स पीटर लून या आयबीएममधल्या गृहस्थाची; तिचे पेटंट १९६० सालचे. एक आकडा जरी चुकला तरी हिशेब जुळत नाही.

तेव्हा मूळचाच क्रमांक परत आणावयाचा. तो खोक्यावरच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा पावतीवरही असतो. फोन गूगल खात्याला जोडलेला असेल तर तेथेही सापडतो. वहिनींनी खोके टाकले नव्हते, त्यात बांगड्या ठेवल्या होत्या! खोके, पावती आणि ओळखपत्र घेऊन आम्ही सकाळच्या गाडीने अकोल्यास कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. तेथल्या मुलीने कागद पडताळून फोन ठेवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी तोच क्रमांक पुन्हा बसवून दिला. कामाच्या पावतीवर क्रमांक लिहून घेतला, हे मुद्दाम सांगतो.

घरी आल्यावर खातरजमा करता येते. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून पंधरा आकडे, असा संदेश १४४२२ वर पाठवावा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा हे कळते. हीच सोय मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी'वरही आहे. जुना फोन विकत घेतानाही पैसे मोजण्यापूर्वी हा संदेश पाठवावा.

कधी कधी मात्र आतली मुख्य पाटीच जळालेली असते. ती केंद्रात बदलली की फोनाला नवा क्रमांक मिळू शकतो. तो रीतसर असतो. पण मग खोक्यावरचा आणि फोनातला क्रमांक जुळत नाही, म्हणून पाटी बदलल्याची पावती त्याच खोक्यात घालून ठेवावी. बांगड्यांसाठी दुसरा डबा पाहावा.