घरचे मांजर आणि दुधाची करवंटी

तानसा तलावाच्या आसपासच्या गावांत, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातशेती करणाऱ्या घरांत मांजर हे केवळ हौसेखातर पाळलेले नसते. दिवाळीच्या सुमारास भात झोडून कणगीत भरले म्हणजे त्याची राखण बऱ्याच अंशी मांजराकडे येते. उंदीर भात खातात आणि खाऊन उरलेला लेंड्यामुताने नासवितात. शिवाय त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरतो, हे पावसाळ्यात खाचरात अनवाणी उतरणाऱ्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. अशा या राखणदारास सकाळची धार निघाली की गोठ्याच्या दारातच करवंटीभर दूध ओतण्याची रीत आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु हे दूध मांजरास मानवते किंवा नाही, याचा विचार सहसा होत नाही.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचविण्यासाठी लागणारा पाचक रस आईच्या अंगावर पिणाऱ्या पिलाच्या आतड्यात भरपूर असतो. पिलू अंगावरून तुटले की तो हळूहळू कमी होत जातो. पुढे बहुतेक मोठ्या मांजरांत तो इतका थोडा उरतो की प्यालेल्या दुधातील साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते, आणि पोट फुगून ढाळ लागतात. सर्वच मांजरांना असे होते असे नाही. काहींना थोडे दूध सहज पचते. मात्र मांजर दूध आवडीने पिते एवढ्यावरून ते त्यास मानवते असे समजू नये. दुधातील स्निग्धांशाची गोडी त्यास ओढते. माणूसही आवडीने खाल्लेल्या पदार्थाने आजारी पडतोच.

म्हशीच्या दुधाच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. त्याच्या १०० मिलिलिटरांतून १०० च्या आसपास उष्मांक मिळतात. चार किलो वजनाच्या मांजराची दिवसाची गरज २०० ते २५० उष्मांकांची. म्हणजे एका वाटीनेच त्याचे जवळजवळ निम्मे पोट भरते, आणि ज्या अन्नाची त्यास खरी गरज आहे ते मागे पडते.

ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अनेक घरांत मांजरास दूधभातच काय तो मिळतो. मांजर हा जातीने मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस, मासे व उंदीर यांतूनच मिळवावे लागते. दुधातील केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील पडदा टॉरिनच्या अभावी झिजतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. १९८७ साली याच अभावाचा हृदयविकाराशी असलेला संबंधही सिद्ध झाला. डोळ्याच्या पडद्याची झीज एकदा झाली की भरून येत नाही, आणि आंधळे मांजर कणगीची काय राखण करणार? म्हणून दूधभातावर भिस्त न ठेवता उकडलेली मासळी काटे काढून, उकडलेले अंडे, अथवा कोंबडीच्या मांसाचे व काळजाचे थोडे तुकडे द्यावेत. सुकी मासळी खारवलेली असल्यास भिजवून ते पाणी ओतून टाकावे. पोट भरलेले मांजर उंदीर धरीत नाही हा समज खरा नव्हे. शिकार हा त्याचा स्वभाव आहे, त्यास भुकेचेच निमित्त लागत नाही.

मग दुधातले काहीच देऊ नये काय? तसे नाही. चमचाभर उकळून गार केलेले दूध देऊन एक दिवस पाहावे; पातळ शौच न झाल्यास कधीमधी तेवढेच द्यावे. दह्यात विरजणामुळे साखर काहीशी घटलेली असते, आणि पनीर करताना ती बरीचशी निवळीबरोबर निघून जाते. म्हणून हे पदार्थ दुधापेक्षा बरे. तेही चमचाभरच, बिनमिठाचे. खवा व पेढे मात्र देऊ नयेत, कारण दूध आटले तरी त्यातील साखर आटत नाही. लसणाची फोडणी दिलेली कढी अथवा कांदा घातलेली कोशिंबीर तर मुळीच देऊ नये. कांदा व लसूण यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. करवंटीत नेहमी असावे ते स्वच्छ पाणी.

दूध उकळण्याचा आग्रह विनाकारण नाही. कच्च्या दुधातून अनेक रोगांचे जंतू पसरतात. २०२४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्ड फ्लू झालेल्या गाईंचे कच्चे दूध व चीक प्यालेली गोठ्यातील निम्म्याहून अधिक मांजरे दगावली. शहापूर तालुक्यास हा रोग अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेहळोली येथील कोंबड्यांत तो आढळला व परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. मांजराच्याच कुळातील तीन वाघ व एक बिबट्या डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे या रोगाने दगावले. तेव्हा धारेखालचे कच्चे दूध मांजरास पाजू नये, आणि मेलेली कोंबडी त्याच्यापुढे टाकू नये.

आईविना राहिलेल्या पिलांची गोष्ट निराळी. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. म्हणून गाईचे दूध, त्यातही पाणी घातलेले, पिलांना अपुरे पडते. शहरातील दुकानांत पिलांसाठी निराळी दूधभुकटी मिळते. ती येईतो उकळलेले दूध पाणी न घालता, कोमट करून, दर तीन-चार तासांनी थोडेथोडे द्यावे. पाजताना पिलू उताणे धरू नये, पालथेच ठेवावे. चार आठवड्यांनंतर मासळीचा मऊ गोळा चाटवावा.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमीष ठेवलेल्या घरी विषाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ल्यास त्याच्या घशात दूध ओतण्याची घाई केली जाते. दूध हा या विषावरील उतारा नव्हे, आणि गुंगलेल्या मांजराच्या फुफ्फुसात ते जाण्याची भीती असते. त्यास काहीही न पाजता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे व विषाचे वेष्टन बरोबर घ्यावे.